'इरॅडिकेट'चं मूळ कुठलं?

इंग्रजी शब्दसंग्रहाची एक पोस्ट सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरते आहे. तीत 'इरॅडिकेट' या क्रियापदाबद्दल चार गोष्टी ठासून सांगितल्यात: ते 'इरेज'चंच मोठं रूप आहे, 'एलिमिनेट' हा त्याचा समानार्थी (कुठेही कुठलाही वापरा), ते फक्त रोगांसाठी वापरतात, आणि अर्थ 'नामशेष करणे'. चारांपैकी एकही धड नाही.

'इरेज'शी नातं फक्त कानाला पटतं. 'इरेज'च्या मुळाशी लॅटिनमधला खरवडण्याचा धातू आहे, 'रेझर' त्याच घराण्यातला. 'इरॅडिकेट' आला 'रादिक्स'वरून, म्हणजे मूळ. 'रॅडिकल' त्याचाच भाऊ आणि 'रॅडिश'ही. (आपला मुळाही मूळावरूनच आला, ही गंमत शिकवताना हमखास उपयोगी पडते.) हरळीची पाती ओढली की मूठभर हातात येतात, चार दिवसांत पुन्हा हिरवं. मातीतल्या मुळ्या खणून काढल्या, तरच ते इरॅडिकेट. मराठी 'निर्मूलन' अगदी याच घडणीचा शब्द आहे.

समानार्थी म्हणणं मात्र खरोखर घोळ घालतं. 'एलिमिनेट'मध्ये 'लिमेन' आहे, म्हणजे उंबरठा. उंबरठ्याबाहेर काढणं, एवढंच. बाहेर काढलेला परत येऊ शकतो. स्पर्धेतून खेळाडू एलिमिनेट होतो, तो पुढच्या वर्षी पुन्हा उतरतो. आरोग्यक्षेत्रात तर हा फरक काटेकोर पाळतात. अमेरिकेत गोवर 2000 साली 'एलिमिनेटेड' जाहीर झाला; 2019 मध्ये तिथेच बाराशेहून जास्त रुग्ण सापडले, कारण गोवर बाहेरच्या देशांत होताच. कुष्ठरोगाच्या एलिमिनेशनचं जागतिक उद्दिष्ट तर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, असं होतं. म्हणजे शून्यही नव्हे! 'इरॅडिकेटेड' हा शिक्का जगभरातून रोग गेल्यावरच बसतो. माणसांच्या रोगांत तो आजवर फक्त देवीला मिळाला, 1980 मध्ये. जनावरांतल्या बुळकांडीला 2011 मध्ये. मराठीत 'एलिमिनेशन' आणि 'इरॅडिकेशन' या दोन्हींना आपण सरसकट 'निर्मूलन' म्हणतो, म्हणून पोस्ट लिहिणाऱ्याची चूक समजू शकतो, पण ती चूकच.

फक्त रोगांसाठी? गरिबी, निरक्षरता, भ्रष्टाचार, तण, सगळ्यांबरोबर हे क्रियापद चालतं. जे मूळ धरतं, पुन्हा उगवतं, ते याचं कर्म. फोनमधला नंबर डिलीट करतात, कपड्यावरचा डाग रिमूव्ह करतात. तिथे 'इरॅडिकेट' म्हणणं म्हणजे डास मारायला तोफ. 'पार्शली इरॅडिकेटेड' असंही कुणी लिहितं, तेव्हा अर्धं मूळ उपटून काय साधलं, असं विचारावंसं वाटतं.

राहिला 'नामशेष'. त्यासाठी इंग्रजीत 'एक्स्टिंक्ट' हा वेगळा शब्द आहे. देवी इरॅडिकेट झाली, म्हणजे तिची लागण जगात कुठेच होत नाही आणि लस टोचण्याची मोहीमही थांबवता आली. पण तिचा विषाणू एक्स्टिंक्ट नाही. तो अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला, अशा दोन प्रयोगशाळांत कडेकोट बंदोबस्तात गोठवून ठेवलेला आहे.