मंगळावर बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी

परवाच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये समजलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांनी मंगळावर जायचं पक्कं केलंय. 'पृथ्वीचं आता काही खरं नाही, पुढची पिढी तिकडेच.' छान! ठरलंच आहे तर तयारीला लागा.

मुहूर्त चुकवू नका. दोन्ही ग्रह सोयीच्या जागी येतात ते दर 26 महिन्यांनी. परतीलाही तोच हिशोब, त्यामुळे गॅस बंद केलाय ना, ते निघतानाच बघा.

खिडकी उघडायची सवय मोडा. बाहेर हवेचा दाब इथल्या एक टक्क्याहून कमी आहे.

बटाटे जरूर लावा. मातीत अर्धा-एक टक्का परक्लोरेट नावाचं क्लोरीनचं संयुग असतं, ते थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. पण पाण्यात विरघळतं, तेव्हा माती धुऊन घ्या. पाणी म्हणजे जमिनीखालचा बर्फ. खणा, वितळवा, शुद्ध करा, की झालं.

पोटात दुखलं तर पृथ्वीवरच्या डॉक्टरांना विचारा. प्रश्न पोचायला 3 ते 22 मिनिटं, उत्तराला तेवढीच.

श्वासाची चिंता तर मुळीच नको, यंत्र आहे की! मंगळावरच्या नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या 'मॉक्सी' नावाच्या यंत्राने 2021 ते 2023 मध्ये 16 वेळा चालून तिथल्या कार्बन डायऑक्साइडपासून प्राणवायू काढला. एकूण 122 ग्रॅम. माणसाला दिवसाला साधारण 840 ग्रॅम लागतो. म्हणजे दोन वर्षांच्या कमाईत एक माणूस साडेतीन तास. बाकीच्यांनी तोवर दम धरावा! आणि बंद घरात झाडं लावून भागेल म्हणणाऱ्यांनी अमेरिकेत अॅरिझोनातलं बायोस्फिअर 2 हे हवाबंद काचघर आठवावं. 1991 मध्ये आठ जण आत गेले. जंगल, शेती, छोटा समुद्र, सगळं होतं. सोळा महिन्यांत प्राणवायू 20.9 टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला. सुपीक मातीतले जिवाणू तो खात होते, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळायच्या आधी भिंतींचं काँक्रीट गिळत होतं. शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. बाहेरून! मंगळावर 'बाहेर' काय आहे, ते वर लिहिलंय.

पाण्याचंही तेच. अंतराळ स्थानकावर घाम, श्वासातली वाफ, लघवी गोळा करून पाणी बनवतात. तिथे हाडं झिजून कॅल्शियम लघवीत उतरतं. त्याचा साका बसून ऊर्ध्वपातनाचं यंत्रच तुंबलं होतं. मग लघवीत घालायचं सल्फ्युरिक अॅसिड बदलून फॉस्फरिक घालायला लागले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. तिथलं जगणं म्हणजे हेच: फिल्टर, गॅस्केट, साका, पुन्हा फिल्टर.

आणि हे करणार कोण? तुम्ही? अहो, त्याच मीटिंगमध्ये आपल्या सांडपाणी प्रकल्पाचा, टाकीत हवा सोडणारा ब्लोअर वीजबिलासाठी रात्री बंद ठेवायचा ठराव झाला, आणि पहिला हात मंगळवाल्यांचाच वर गेला! टाकीतल्या, घाण खाऊन पाणी साफ करणाऱ्या जिवाणूंना रात्रीही प्राणवायू लागतो हो. तो तुटला की ते मरायला लागतात, सडवणारे माजतात, सडक्या अंड्याचा वास सुटतो, आणि मग तुम्हीच नाकाला रुमाल लावून ऑपरेटरवर खेकसता. एक ब्लोअर चालू ठेवणं जमेना आणि निघाले ग्रह वसवायला! थोडी तरी लाज वाटू द्या. पॅनेल जिन्याखाली आहे, डावीकडचं हिरवं बटण.