क्षुल्लक कारणावरून

'दारूच्या नशेत क्षुल्लक कारणावरून खून.' अशी बातमी दिसली की आपण बोटानं वर सरकवतो आणि पुढे जातो. मला मात्र हल्ली त्यातला 'क्षुल्लक' खटकतो. क्षुल्लक कुणाला? शुद्धीत वाचणाऱ्याला.

एकदा मित्रांच्या बैठकीत हे डोळ्यांदेखत घडता घडता राहिलं. कुणाचा ग्लास आधी भरला, यावरून वाद. एकानं बाटलीची मान धरली. त्याच्या डोळ्यांत राग दिसत नव्हता, नजर नुसती एका जागी खिळलेली. समोरचाही तेवढाच चढवलेला. मागं सरायचं सोडून छाती काढून "मार, मार ना!" म्हणत होता.

क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली हेच मांडलं होतं. दारूनं माणसाची नजर आखूड होते. शिवी कानात घुमत राहते. उद्याची सकाळ, पोलीस, घरची पोरं डोक्यात येतच नाहीत.

आणि तो 'मार ना' म्हणणारा बातमीत कधी नसतो. गुन्हेशास्त्रज्ञ मार्विन वुल्फगँग यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या १९४८ ते १९५२ या काळातल्या ५८८ खुनांच्या पोलीस नोंदी चाळल्या. जवळपास ६४ टक्के प्रकरणांत मारणारा, मरणारा किंवा दोघंही प्यायलेले. साधारण चारातल्या एका प्रकरणात पहिला हात मरणाऱ्यानंच टाकलेला. मेलेल्याच्या माथी दोष मारा, असं मी म्हणत नाहीये. पण दारुड्यानं गरीब बिचाऱ्याला मारलं, हे चित्र दरवेळी खरं नसतं.

"तो तसा नाही हो, दारू वाईट," हेही मला पटत नाही. १९७५ च्या एका प्रयोगात काहींना नुसतं टॉनिक वॉटर पाजून व्होडका आहे म्हणून सांगितलं, तर तेही जास्त आक्रमक झाले! प्यायल्यावर सगळं खपतं, ही समजूतही आपलं काम करते.

ड्रग्जचं गणित वेगळं. क्रॅक, म्हणजे ओढायच्या स्वस्त कोकेनच्या लाटेत, १९८८ साली, न्यूयॉर्कमधले ड्रग्जशी संबंधित बहुतेक खून नशेतून नव्हे, तर धंद्यातून झाल्याचं संशोधक पॉल गोल्डस्टीन यांना आढळलं. हद्द, उधारी, फसवाफसवी.

दारूचं तसं नाही, तिथं वेळ आणि जागा बघावी लागते. ब्राझीलमधल्या डियाडेमा शहरानं २००२ मध्ये रात्री अकराला बार बंद करायला लावले आणि खून चांगलेच घटले. लोक काही एका रात्रीत संत झाले नव्हते.

आमच्या बैठकीत न पिणारा एकच होता. "आण इकडे, मी भरतो," म्हणत त्यानं बाटली काढून घेतली. दुसऱ्या दिवशी बाटलीवाल्याचा मला फोन, "काल आम्ही भांडलो का रे?"