प्रोस्टेटची सूज आणि 21 दिवसांचा काढा

परळ-लालबागच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या प्रोस्टेटबद्दल, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीबद्दल, एक मेसेज फिरतोय. "प्रोस्टेटची सूज म्हणजे पन्नाशीनंतरचा आजार, कॅन्सरची पहिली पायरी. डॉक्टरकडे गेलात तर ऑपरेशनच सांगतील. 21 दिवस गोखरूचा काढा घ्या. फार जळजळ झाली तर केमिस्टकडून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणा." माझ्या चुलतभावाने, वय वर्षं 36, हे वाचून चार दिवस थंडी-ताप अंगावर काढला. पाचव्या दिवशी लघवीच बंद झाली आणि मध्यरात्री त्याला उचलून न्यावं लागलं. म्हणून लिहितोय.

पन्नाशीनंतर सहसा होते ती ग्रंथीची वाढ. सूज ही वेगळी गोष्ट, ती तिशी-चाळिशीतही होते.

कॅन्सरची पायरी? नाही. सुजेत रक्तातलं पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन) वाढतं आणि रिपोर्ट पाहून घरचे हादरतात, घोळ तिथे होतो. सूज उतरल्यावर सहा-आठ आठवड्यांनी ती तपासणी पुन्हा करतात. तेव्हाही आकडा चढाच राहिला तर मात्र पुढचा तपास टाळू नये.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते अँटिबायोटिकबद्दलचं वाक्य. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं 1999 साली प्रसिद्ध झालेलं वर्गीकरण आजही वापरतात, त्यात या सुजेचे चार प्रकार आहेत. पहिला जंतूंमुळे अचानक होणारा: हुडहुडी भरून ताप, जळजळ, लघवी अडकणं. जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय. इथे अँटिबायोटिक हवंच, पण आधी लघवीची कल्चर तपासणी (कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते पाहणारी), कारण आपल्याकडे ई. कोलाय अनेक नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. कोर्सही दोन ते चार आठवड्यांचा असतो. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडल्या तर जंतू ग्रंथीत दबा धरून राहू शकतात. तोच संसर्ग मग पुन्हापुन्हा उलटतो. हा दुसरा प्रकार, त्याला आणखी जास्त आठवडे लागतात.

तिसरा प्रकार म्हणजे ओटीपोट, जांघ, कंबर यांत महिनोन् महिने रेंगाळणारं दुखणं. बहुतांश रुग्ण याच प्रकारातले, आणि त्यांच्या तपासणीत जंतू सापडतच नाहीत. अशा माणसाने दर महिन्याला नवी अँटिबायोटिक का गिळावी? सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीच्या अँटिबायोटिक्सनी टाचेमागचा स्नायुबंध (टेंडन) तुटल्याचीही उदाहरणं आहेत. या रुग्णांपैकी अनेकांचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतात. ते सैल करायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट, लघवीची वाट मोकळी करणाऱ्या गोळ्या, कोमट पाण्यात बसणं, मनावरचा ताण हलका करणं, असे उपाय माणसागणिक जुळवावे लागतात. वेळ लागतो, पण फरक पडतो. (चौथ्या प्रकारात त्रासच नसतो, सूज दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत कळते.)

ऑपरेशनची भीतीही अनाठायी आहे. नुसत्या सुजेला त्याची गरज क्वचितच पडते. गळू झालं तर पू काढावा लागतो.

राहिला काढा. जंतूंचा संसर्ग 21 दिवस वाट पाहत नाही, तो रक्तात उतरून जिवावर बेतू शकतो. या जागेचं दुखणं घरात बोलायला पुरुषाला लाज वाटते, हे मी भावाच्या बाबतीत जवळून पाहिलं. ताप आणि लघवी अडकणं एकत्र आलं तर त्याच दिवशी केईएम, नायर, सायन, जे जवळ असेल ते गाठा. रात्र असली तरी कॅज्युअल्टी उघडी असते. तिथे एवढंच सांगायचं: ताप आहे, लघवी होत नाही.