पळसाला पिक्सेल किती

पहाटे पंखा लावला तर थंडी वाजते आणि बंद केला तर डास फोडून काढतात, असे दिवस आले की समजावं, फाल्गुन जवळ आला. तुम्ही दिवाळीत हप्त्यांवर कॅमेरा घेतला असेल तर हा तुमचा पहिला सीझन. ऋतू म्हणायचं नाही. ऋतू शेतकऱ्यांचे आणि पंचांगाचे, आपला सीझन. गेली सात वर्षं मी तो न चुकता साजरा करतो आहे, तेव्हा चार गोष्टी हक्काने सांगतो.

सगळ्यात आधी, झाड ओळखायच्या भानगडीत पडू नका. पानं गळालेली आहेत आणि वर काहीतरी लालभडक आहे, एवढं दिसलं की 'पलाश' लिहून मोकळं व्हायचं. काटेसावर, पांगारा आणि पळस हे तिघंही साधारण याच सुमारास पानं झटकून फुलतात. काटेसावरीचं फूल वाटीएवढं, पाच जाडजूड पाकळ्यांचं. पळसाचं पोपटाच्या चोचीसारखं वाकडं, खाली काळपट मखमली टोपी घातलेलं. हे निरखत बसलात तर तोवर ऊन वर येतं. आणि नाव लिहायचं तर 'पळस' लिहू नये, गावठी वाटतं. 'पलाश' बरं, 'फ्लेम ऑफ द फॉरेस्ट' त्याहून बरं. फॉरेस्ट म्हणजे टेम्पोच्या गॅरेजमागचा मोकळा प्लॉट असला तरी हरकत नाही.

मुंबईकरांची तर याहून सोय आहे. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला विक्रोळीजवळ टॅबेबुइयाची झाडं गुलाबी होतात. झाड मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं, चेरीच्या कुळाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण 'मुंबईचा चेरी ब्लॉसम' म्हटलं की जपानचं तिकीट वाचतं. कुणी वनस्पतिशास्त्रवाला मध्ये बोललाच तर 'फील तोच आहे ना' म्हणावं. डंपर फ्रेममध्ये आला तर तो हल्ली बोटाने पुसता येतो.

फोटोखाली दोन ओळी लिहायच्या असतात. त्यात 'मंद सुगंध दरवळत होता' हे हवंच. पळसाला वास नसतो. नसतो म्हणूनच तर सुभाषितकाराने विद्याहीन माणसाला निर्गंध किंशुकाची उपमा देऊन ठेवली. पण सुभाषितं वाचणारे लोक पहाटे पाचला उठून दिवे घाट चढत नाहीत, त्यामुळे निर्धास्त लिहा.

आता थोडं तंत्र. केशरी फूल आणि सकाळचं ऊन समोरासमोर आलं की कॅमेऱ्यातला लाल रंग सगळ्यांच्या आधी काठोकाठ भरतो. मीटर बिचारं एकूण उजेडाचा अंदाज घेतं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगतं. इकडे पाकळीवरची रुपेरी लव, बारीक शिरा, सगळं वाहून गेलेलं असतं. उरतो एक केशरी डाग. तिन्ही रंगांचा आलेख वेगवेगळा बघून एक्स्पोजर थोडं खाली आणलं तर पाकळी वाचते. पण आलेख बघायला चष्मा लागतो आणि चष्मा गाडीत असतो. शिवाय घरी गेल्यावर आपण सॅच्युरेशनचा दांडा उजवीकडे ओढणारच आहोत, मग डाग आधी पडला काय, नंतर पडला काय.

मागची पार्श्वभूमी विरघळली की तिला आपल्यात 'बोके' म्हणतात. एकदा मी घरी फोनवर कुणाला तरी 'तुमचे बोके फारच मुलायम आलेत' म्हणालो, तर आई स्वयंपाकघरातून ओरडली, "दूध झाक आधी!" घरच्यांपासून या गोष्टी जरा लांब ठेवाव्यात.

फांदी आडवी येत असेल तर मोडावी. दव नसेल तर इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची फवाऱ्याची बाटली पिशवीत ठेवावी. दुपारी बारालाही दव पडतं. पक्षी येत नसेल तर मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवावा. शिंजीर बापडा आपल्या हद्दीत दुसरा कोण घुसला म्हणून मध सोडून धावत येतो. भोरड्यांना मात्र हे लागत नाही. त्या थव्याने येतात, पळसावर इतक्या पडून असतात की त्यांना पळसमैनाच म्हणतात. चोचीला परागकण लावून झाडभर भांडतात आणि थोड्या दिवसांत मध्य आशियाकडे निघून जातात. त्यांना काय, त्यांना सेटिंग विचारणारं कुणी नसतं.

माणसांचं काय करायचं, हे मात्र नीट समजून घ्या. पाच वर्षांपूर्वी सासवडच्या पुढे एका बांधावर मी तिपाई लावून उभा होतो. जवळचं बारीक टिपणारी शंभर एमएमची मॅक्रो लेन्स, समोर एकच फूल, तासभर वारा थांबायची वाट. मागून आवाज आला.

"मोजनीला आलाय का?"

वळून पाहिलं तर एक आजी. हातात पांढरी प्लास्टिकची पिशवी.

"नाही आजी."

"मंग ही तिपाई कशापायी? इमानतळवालं बी असलंच घिऊन येत्यात."

पुरंदरला विमानतळ होणार म्हटल्यापासून त्या बाजूला तीन पायांचं काहीही रोवलं की माणसं घराबाहेर येतात. मी म्हणालो, "फुलांचा फोटो काढतोय."

आजींनी एकदा झाडाकडे पाहिलं. अख्खं झाड पेटल्यासारखं होतं. मग माझ्या लेन्सच्या टोकाकडे पाहिलं. "येवढं समदं सोडून त्याच एकाचा?"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता ते मला ठाऊक नाही. मी म्हणालो, "जरा बाजूला होता का? सावली पडतेय." आणि आजी बाजूला झाल्या. शेत त्यांचं, बांध त्यांचा, झाडही त्यांचंच.

पलीकडे जाऊन त्या खाली पडलेली फुलं वेचायला लागल्या. होळीचा सण आठवड्यावर होता, नातवंडांसाठी फुलं उकळून रंग करायचा असणार. आणि माझ्या लक्षात आलं की मागून उजेड काय सुंदर येतोय! मॅक्रो काढली, दुसरी लेन्स चढवली, आणि म्हणालो, "आजी, तशाच वाका परत." वाकल्या. "जरा हळू." हळू वाकल्या. तिसऱ्यांदा वाकल्या तेव्हा हात कमरेवर गेला, तोही फ्रेममध्ये छान बसला.

आता दुसरा आणि खरा भाग, म्हणजे रविवारची संध्याकाळ. महिन्यातून एकदा आमच्यातल्या कुणाच्या तरी हॉलमध्ये आम्ही जमतो. टीव्हीला पेन ड्राइव्ह जोडायचा, प्रत्येकाने पाच फोटो दाखवायचे असा नियम, आणि प्रत्येक जण चाळीस घेऊन येतो. पोहे पहिल्या बारा फोटोंतच संपतात. इथे बोलायची एक भाषा आहे, ती घोकून जा. फोटो आवडला तर 'काय डिटेलिंग!' म्हणायचं. नाही आवडला तर 'वेगळा प्रयत्न.' अजिबातच कळला नाही तर मान तिरकी करून 'क्रॉप थोडा टाइट हवा होता.' स्वतःचा फोटो आला की गप्प बसायचं, चारेक सेकंदांनी 'हा तर असाच, चालता चालता काढलेला' म्हणायचं. त्या चालता चालतासाठी तुम्ही दोन किलोची लेन्स गळ्यात घालून अडीच तास उकिडवे बसला होतात, हे तुमचे गुडघे सांगतीलच.

जागा विचारली तर सांगू नये. 'पुण्याच्या आसपास' एवढं पुष्कळ. पिवळा पळस दुर्मीळ, त्याचा पत्ता तर आपल्या बायकोलाही देऊ नये. आमच्यातल्या एका काकांनी एका पिवळ्या पळसाची जागा तीन वर्षं लपवली. चौथ्या वर्षी कळलं, झाड एका धाब्याच्या पार्किंगमध्ये आहे आणि आम्ही सगळे त्याच्याखाली मिसळ खाऊन आलेले आहोत. आदल्या महिन्यात भिगवणच्या रोहित पक्ष्यांवरून दोघांत अबोला झाला होता, तोही मिटला तो या मिसळीवरच. कॅनन की निकॉन यावरचा अबोला मात्र मिटत नसतो.

आजींचा फोटो त्या संध्याकाळी पडद्यावर आला आणि हॉल शांत झाला. खाली मी लिहिलं होतं, 'वसंत वेचताना'. पहिल्यांदा डॉक्टर बोलले, "उजेड बघा, उजेड." मग सेटिंग विचारलं गेलं. एफ दोन पॉइंट आठ की एफ चार यावर दहा मिनिटं गेली. आजींच्या वयाबद्दल अंदाज झाले, सत्तर ते नव्वद. "सुरकुत्यांचं टेक्श्चर वाढव," असं एकाने सुचवलं. त्यांचं नाव काय हे कुणी विचारलं नाही आणि ते बरंच झालं, कारण मलाही माहीत नव्हतं.

"फक्त ती पिशवी," काका म्हणाले. "डोळ्याला खुपतेय. पांढरीधोप. सगळी नजर तिकडे जाते."

सगळ्यांना पटलं. मी तिथेच लॅपटॉपवर पिशवी पुसली. अर्ध्या मिनिटाचं काम, मागे बोके होतेच. आता त्या फोटोत एक म्हातारी वाकून फुलं वेचते आहे आणि ती ठेवायला तिच्याकडे काहीही नाही. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. वर्षभर मला त्याच फोटोने वाहवा दिली, मोठ्ठा प्रिंट काढून मी तो दिवाणखान्यात लावलाय. आजींना एक प्रत द्यायची फार इच्छा होती. पत्ता घ्यायचा राहिला.

परवा मे अखेरीस जेजुरीहून परतताना त्याच रस्त्याला ऊन असह्य झालं म्हणून गाडी एका झाडाखाली घेतली. गर्द सावली, ढालीएवढी राठ पानं. बांधावर बसलो, पाणी प्यायलो, अर्धा तास डुलकी काढली. उठल्यावर वारा घ्यायला हाताशी आलं ते पान तोडलं. एका देठाला तीन. मग वर पाहिलं, बांध पाहिला, पलीकडचं वळण पाहिलं.

कॅमेरा डिकीत होता. काढला नाही. हिरवं काही असेल तर आमच्याकडे ते पावसाळ्याच्या सीझनमध्ये धरतात.