ताइचुंगची धावती वाट आणि आपली मोडी

ताई तैवानमध्ये ताइचुंगला राहते. दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन तिच्याकडे गेलो होतो. देवळं झाली, रात्रीचे बाजार झाले, पण बाबा रमले ते एकाच ठिकाणी. शहराच्या मधोमध ३.६ किलोमीटर लांबीचा एक हिरवा पट्टा आहे. एका टोकाला निसर्गविज्ञानाचं संग्रहालय, दुसऱ्या टोकाला ललितकलेचं. नाव 'त्साओ-वू-ताओ'. त्साओ म्हणजे गवत, वू म्हणजे उमज, ताओ म्हणजे वाट. आणि हाच 'त्साओ' शब्द चिनी लिपीच्या धावत्या वळणालाही आहे. त्यात कुंचला शक्यतो उचलायचाच नाही, एका रेघेतून दुसऱ्या रेघेत शिरायचं. बागेची आखणी त्या वळणावरून सुचलेली आहे.

ताईने हे सांगितलं आणि बाबांची चालच बदलली. झाडांखालून बारीक सरकणारी वाट मध्येच फुगते, मोठी हिरवळ लागते, तिथे पोरं, कुत्री, डबे घेऊन बसलेली कुटुंबं. मग वाट पुन्हा आवळते. बाबा म्हणाले, "अरे, हात उचललेलाच नाही बघ याने!"

बाबा निवृत्तीनंतर मोडी लिपी शिकले. एका झाडाच्या आळ्यातल्या ओल्या मातीत त्यांनी छत्रीच्या टोकाने लांब आडवी रेघ ओढली. "बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, अक्षर आधी, रेघ नंतर. मोडीत आधी ओळभर रेघ, मग तिला अक्षरं टांगायची. म्हणून बोरू पळतो." खाली एका दमात दोन शब्द लिहिले. कुत्र्याला फिरवणाऱ्या एक आजी थांबल्या, वाकून ती ओळ पाहिली आणि बोटाने हवेत तेच वळण गिरवलं. भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण वळण बरोबर कळलं.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्या गावच्या बागेत सिमेंटचे रंगीत अ, क, ज्ञ उभे केलेत. पोरं त्यांच्यावर चढतात, फोटो काढतात. चांगलंच आहे. पण लिहिणाऱ्या हाताची चाल त्यात कुठून येणार? शिवकाळापासून पेशवाईपर्यंतचा कारभार ज्या लिपीत चालला, तिचे कोट्यवधी कागद एकट्या पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. वाचणारे फार थोडे. अशा लिपीची एक तरी बाग महाराष्ट्रात हवी, असं मला अगदी मनापासून वाटतं. नदीकाठी सरळ लांब कट्टा, म्हणजे ती आडवी रेघ. त्याच्याखाली उतरणाऱ्या, एकमेकींत मिसळणाऱ्या पायवाटा. वाटेत एखाद्या जुन्या पत्राची ओळ दगडात कोरलेली, शेजारी तीच बाळबोधीत. पोरांनी त्यावरून धावावं. वळण आधी पायात बसेल, मग हातात येईल.

आपल्यापैकी कुणी नगरपालिकेत, वास्तुरचनेत, बागकामात असेल तर खरंच बोला माझ्याशी. आणि घरी आजोबा-पणजोबांचे मोडी कागद ट्रंकेत पडले असतील तर फेकू नका. फोटो पाठवा. बाबा शनिवारी दुपारी मोकळे असतात, वाचून देतील.