आठ भारतीय म्हणजे एक जर्मन?

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो मेसेज आला: ‘एका जर्मन कामगाराच्या तासाभराच्या कामाला आठ भारतीय लागतात. आपण आळशी. जर्मनी राबून वर आला, आपणही आठवड्याला ७० तास राबलो तर उत्पादकता वाढेल.’ खाली अंगठे, फुलं, जोडलेले हात. माझा भोसरीत जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना सुटे भाग बनवून द्यायचा, छोटा धंदा आहे. कामाचे तास मी रोज मोजतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘आठ भारतीय लागतात.’ आकडा ढोबळमानाने बरोबर, अर्थ चूक. देशाचा वर्षाचा जीडीपी भागिले सगळ्यांनी मिळून केलेले कामाचे तास, एवढाच हा हिशोब. त्यात काम मोजत नाहीत, कामाचे पैसे मोजतात. आयर्लंडचा जीडीपी २०१५ साली एका वर्षात २५ टक्क्यांच्या आसपास वाढला, कारण बड्या परदेशी कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली. आयरिश माणूस त्या वर्षी काही सव्वापट राबला नव्हता. आणि हा आठपट फरकसुद्धा दोन देशांतली स्वस्ताई-महागाई वजा करून उरलेला. नुसत्या विनिमय दराने काढलात तर तो वीसपटीच्याही वर जातो. कोथरूडमध्ये कटिंगचे दीडशे रुपये होतात, जर्मनीत सहज अडीच हजार. कात्री तीच, अर्धा तास तोच.

शिवाय भागाकारात सगळेच येतात. आपल्याकडे काम करणाऱ्या शंभरांतले ४५-४६ जण शेतीत आहेत आणि शेतीचा वाटा उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून कमी. चाकणच्या वेल्डरला ही सरासरी चिकटवून कसं चालेल?

‘आपण आळशी.’ इथे मात्र माझं डोकं फिरतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकड्यांनुसार भारतीय माणूस आठवड्याला सरासरी ४७ तासांच्या आसपास काम करतो. जर्मन माणूस वर्षाला जेमतेम १,३४० तास, म्हणजे आठवड्याला २६ सुद्धा नाहीत.

माझ्याकडे साध्या लेथवर, म्हणजे हाताने चालवायच्या कातयंत्रावर, एक टर्नर होता. तासाला सात-आठ बुश (धातूच्या छोट्या नळ्या) काढायचा, संध्याकाळी खांदे धरलेले असायचे. कर्ज काढून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी लेथ, आणली. माणूस तोच, आता तासाला चाळीसच्या वर काढतो. जॉब लावतो, बटण दाबतो, मायक्रोमीटरने माप बघतो, मध्ये चहा घेतो. घाम कमी झाला, उत्पादकता पाचपट झाली. तो काय एका रात्रीत जर्मन झाला? उलट मध्येच वीज गेली की टूल जॉबमध्ये अडकतं, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) तुटतो, पुन्हा सेटिंग. अर्धा तास तरी जातो. तो अर्धा तास हजेरीत लागतो, म्हणजे भागाकारात खाली जातो. वर काहीच येत नाही. ‘आळस’ म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं हे असं असतं.

‘जर्मनी राबून वर आला.’ युद्धानंतर सुरुवातीला तास जास्त होते, हे खरं. पण यंत्रं आणि कारखान्यातच दिलं जाणारं पक्कं प्रशिक्षण यांच्या जोरावर उत्पादन वाढत गेलं तसे तास उतरत गेले. पश्चिम जर्मनीतल्या धातू उद्योगात १९९५ पासून ३५ तासांचा आठवडा आहे. मेसेजमध्ये गोष्ट अर्ध्यावरच संपते.

‘७० तास राबा.’ नारायण मूर्ती २०२३ मध्ये हे बोलले, तेव्हापासून ७० हा आकडा पक्का होऊन बसलाय. पण तास छेदात असतात! ते वाढवून एकूण माल वाढेल फार तर, दर तासाचा कसा वाढेल? मालाचंही खात्रीने सांगता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी तपासल्या. आठवड्याला ७० तास आणि ५६ तास, दोन्हींत निघालेला माल जवळपास सारखाच. सलग ओव्हरटाइमनंतर आमच्याकडे रिजेक्शनची पेटी का भरते, ते मला तेव्हा कळलं.

राहता राहिला आपला सदाशिव पेठेतला दुकानदार, १ ते ४ बंद म्हणून ज्याची सगळा महाराष्ट्र टिंगल करतो. ज्याला त्याच्याकडचंच तूप हवं, तो चारनंतर येतोच. गल्ला तेवढाच, तास तीन कमी. या हिशोबाने त्याची उत्पादकता वाढली. मेसेज टाकणाऱ्या काकांना हे दुपारी दीडला लिहून पाठवलं. उत्तर आलं सव्वाचारला.