मातृभाषा निवडताना घ्यावयाची दक्षता

लवकरच आईबाप होऊ घातलेल्या वाचकांनी पाळण्याचा रंग आणि बाळाच्या नावाचे आद्याक्षर यांवर खल करण्यापूर्वी एका अधिक निकडीच्या निवडीकडे लक्ष द्यावे, अशी नम्र सूचना आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ साली, कर्नाटकातील शाळांच्या माध्यमासंबंधीच्या खटल्यात, मुलाची मातृभाषा कोणती हे त्याचे पालकच ठरवतील असे सांगितले आहे. सरकारने प्राथमिक शाळांवर माध्यम लादू नये, हा त्या निकालाचा रोख होता. आपण मात्र त्यातला व्यवहार तेवढा पाहावा. मातृभाषा ही जर ठरवण्याची गोष्ट असेल, तर ती आजीच्या ओव्या ऐकून ठरवण्याऐवजी मुलाला कुठवर पोहोचवील याचा अंदाज घेऊन का ठरवू नये?

पहिली कसोटी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीची. तिच्यात २२ भाषा आहेत. पुष्कळ लोक बोलतात म्हणून भाषा या यादीत जाते, असा भोळा समज कोणी करून घेऊ नये. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीहून अधिक आणि गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक भरले, तरी दोन्ही भाषा यादीबाहेर आहेत. संस्कृत ही मातृभाषा सांगणारे २४,८२१ निघाले आणि ती यादीत पहिल्यापासून आहे. संस्कृतविषयी आम्हाला आदरच आहे. म्हणणे एवढेच की धडगावच्या डोंगरात भिलीत अंगाई गाणाऱ्या आईने आपल्या हौसेची किंमत आधी समजून घ्यावी.

गोंडीचाच हट्ट असेल, तर निदान नदीचा काठ तरी विचारपूर्वक निवडावा. भामरागडच्या बाजूला जन्मलेल्या मुलाला शाळा मराठीत भेटते, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडात जन्मलेल्या त्याच्या मामेभावाला हिंदीत, आणि सिरोंच्याहून प्राणहिता ओलांडली की तेलुगूत. तिघे लग्नाला एकत्र जमले की गोंडीत मनसोक्त बोलतात, पण एकमेकांना पत्र लिहायची वेळ आली तर त्यांना दुभाष्या लागेल. भाषावार प्रांतरचना करताना गोंडांची भाषा कोणाच्या वाट्याला आली नाही, ती सगळ्यांच्या सीमेवर आली. नदीने यात काही गैर केलेले नाही.

आता कोणी घटनेचे कलम ३५० क पुढे करील. १९५६ साली आलेले हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून राज्यांनी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असे सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानुसार निदान पाचवीपर्यंत, आणि तेही शक्य असेल तेथे. सुज्ञ पालकाने येथे व्याकरण उजळावे. हक्क क्रियापदात असतो आणि पळवाट क्रियाविशेषणात. ‘व्यवहार्य’ काय हे ठरवण्याचे काम ज्या टेबलावर होते, तेथे गोंडी येणारा कारकून सहसा नसतो, म्हणून गोंडी सहसा व्यवहार्य ठरत नाही.

यादीतली भाषा लाभली म्हणून हुरळूनही जाऊ नये. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ १३ भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे, हे ऐकून ऊर भरून येतो. मात्र अकरावीला विज्ञान शाखेत पाऊल टाकले की शिकवणे बहुधा इंग्रजीत सुरू होते, तेव्हा मराठी प्रश्नपत्रिका म्हणजे जेवण झाल्यावर मांडलेले पान. शिवाय अनुवादात संदिग्धता असेल, तर इंग्रजी प्रत अंतिम, असा नियम आहे. २०१८ साली तमिळ प्रश्नपत्रिकेतील ४९ प्रश्नांच्या अनुवादात चुका असल्याची तक्रार मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे गेली आणि त्याने प्रत्येकी चार याप्रमाणे १९६ वाढीव गुण देण्याचा आदेश दिला. परीक्षा ७२० गुणांची होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला आधी स्थगिती दिली आणि पुढे तो रद्दच केला. सरसकट इतके गुण वाटल्याने इतरांवर अन्याय झाला असता, हे खरेच होते. चुकीचा प्रश्न वाचून बरोबर उत्तर लिहिण्याची कला अवगत नसलेल्यांचे काय, एवढेच शिल्लक राहिले. आयआयटीत पाठवायचे असेल, तर तर्जुम्याचाही घोर नको, कारण जेईई अ‍ॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत होते.

हिंदीचे नाव निघाले म्हणून आठवले. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी ‘अनिवार्य’ झाली, जूनमध्ये ती ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा झाली (पुन्हा क्रियाविशेषण!), हिंदीऐवजी अन्य भाषा हवी असल्यास वर्गात किमान वीस विद्यार्थी जमवण्याची अट आली, आणि २९ जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घेण्यात आले. त्या दिवसांत आम्हीही पोटतिडकीने बोलत होतो. घरात कानावर न पडलेली भाषा सहा वर्षांच्या जिवावर लादणे किती क्रूर, हे आम्ही चहाच्या टपरीवरही पटवून देत होतो. घरी माडिया ही गोंडीची बोली बोलणारे भामरागडचे पोर पहिल्या दिवशी वर्गात बसते, तेव्हा त्याच्या कानावर न पडलेली भाषा मराठी असते, हा मुद्दा त्या चर्चेत कोणी काढला नाही. चर्चा मराठीत चालू होती, म्हणूनही असेल.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने मात्र असला सल्ला न विचारता २०१९ साली स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. ज्या सोयीसाठी राज्याने प्रयत्न करायचा, ती गावाने करून टाकली, आणि शिक्षण विभागाने शाळा अनधिकृत ठरवली. मान्यतेविना शाळा चालवल्यास एक लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतर चालू ठेवल्यास दर दिवसाला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद त्याच शिक्षण हक्क कायद्यात आहे आणि तिच्यात ‘व्यवहार्य असेल तेथवर’ हे शब्द नाहीत. तेव्हा इतके वाचूनही ज्यांना बाळाशी गोंडीतच बोलायचे असेल, त्यांनी दंडाची तजवीज बारशाच्या खर्चातच करून ठेवावी. नोटीस आली, तर ती राजभाषेत असेल. गावात शिकलेले कोणी असल्यास त्याच्याकडून वाचून घ्यावी.